वेत ठरवण्याआधी: गोव्यात कुत्र्यांची पैदास करू पाहणाऱ्यांसाठी आरोग्य आणि जनुकीय तपासण्या

आमच्या फोंड्याच्या घरी सोनी नावाची लॅब्रॅडोर मादी होती. पाच वर्षांची असताना एका संध्याकाळी, दिवेलागणीला, ओसरीची पायरी उतरताना ती थबकली. पुढचा एक पाय हवेत धरला, पायरी चाचपली आणि मग उतरली. दिवसा ती फेकलेला चेंडू अलगद झेलायची, त्यामुळे आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. महिन्याभरात ती अंधारात तुळशीवृंदावनाला धडकली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात थेंब टाकून पाहिलं: डोळ्याचा पडदा झिजत चालला होता. रक्त जनुकीय तपासणीला पाठवलं आणि रिपोर्ट आला, पीआरसीडी-पीआरए, अफेक्टेड, म्हणजे डोळ्याचा पडदा झिजवणारा आनुवंशिक आजार तिच्यात होता. या आजारात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचं. उपाय नाही.

सोनी तिसऱ्या वर्षी व्यायली होती. सात पिल्लं फोंडा, सावर्डे, डिचोली अशी सात घरांत गेली होती. मी सातही घरी फोन केले. एका काकूंनी विचारलं, "मागीर आमचोय कुड्डो जातलो?" म्हणजे आमचाही आंधळा होणार का. मला उत्तर देता आलं नाही, कारण ज्या स्टडशी, म्हणजे पैदाशीच्या नराशी, मेटिंग केलं होतं त्याची तपासणी कुणी केलीच नव्हती. दोघांचे केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, वंशावळीचे कागद होते, त्यावर तीन पिढ्यांची नावं होती. डोळ्यांबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं.

मेटिंगच्या आधी गालाच्या आतून घेतलेला एक स्वॅब पुरला असता. तेव्हापासून पैदाशीबद्दल विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: मादी माजावर यायच्या आधी निदान तीन महिने कामाला लागा. माज सुरू झाल्यावर घाई होते, स्टडवाल्याचे फोन सुरू होतात आणि तपासण्या राहून जातात.

आधी कायदा आणि परवानगी

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी 18 महिन्यांहून लहान नको, आठ वर्षांहून मोठी नको. वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. मेटिंगआधी पशुवैद्यानं ती निरोगी असल्याचं लिहून द्यायला हवं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

गोव्यात चौकशी पणजीला पाटोवरच्या पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्यात करावी. 2025 साली गोवा विधानसभेनं हिंस्र समजल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या पैदाशीवर आणि पाळण्यावर बंधनं घालणारं विधेयक मंजूर केलं. तेव्हा मनात पिटबुल किंवा रॉटवायलर असेल, तर कुत्रा आणण्याआधी खात्यात जाऊन आजची स्थिती विचारा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. 18 महिने ही कायद्याची किमान मर्यादा आहे. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याबद्दल खात्रीनं बोलायचं तर दोन वर्षं थांबावं लागतं. मी स्वतः दोन वर्षांच्या आत कुठल्याही लॅब, गोल्डन किंवा जर्मन शेफर्ड मादीचं मेटिंग करणार नाही.

चिप आधी, नमुना नंतर

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेमागे कातडीखाली टोचतात आणि तिचा नंबर 15 अंकी असतो. कुठलाही नमुना घेण्याआधी डॉक्टरांनी चिप स्कॅन करून तोच नंबर फॉर्मवर लिहिला पाहिजे. रिपोर्टवर फक्त 'रॉकी, लॅब्रॅडोर, पिवळा' असं असेल, तर तो कुठल्याही पिवळ्या लॅबचा असू शकतो. स्टडचा रिपोर्ट कुणी मोबाइलवर दाखवला, तर चिपचा नंबर मागा आणि शक्य असेल तर कुत्रा समोर उभा करून स्कॅन करून घ्या. यात कुणाचा अपमान होत नाही. चांगला पैदासकार स्वतःहून स्कॅनर पुढे करतो.

जातीप्रमाणे यादी काढा

हल्ली दोनशेहून जास्त आजारांचं पॅनेल, म्हणजे एकाच नमुन्यावरून होणाऱ्या तपासण्यांचा संच, एकदम मिळतं. त्यातले बहुतेक आजार तुमच्या जातीत आढळतच नाहीत. म्हणून आधी जात धरून यादी करा आणि तेवढं पॅनेलमध्ये आहे ना ते पाहा.

लॅब्रॅडोरसाठी पीआरसीडी-पीआरए आणि ईआयसी. ईआयसी म्हणजे जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पडून कुत्रा कोसळणं. मोकळ्या मैदानात किंवा किनाऱ्यावर चेंडूमागे सुसाट धावणाऱ्या लॅबमध्ये हे दिसतं आणि लोकांना वाटतं ऊन लागलं. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये पीआरएचे आणखी दोन प्रकार आणि इक्थिओसिस, ज्यात अंगावरून कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. कॉकर स्पॅनियल आणि पूडलमध्येही पीआरसीडी-पीआरए. डॉबरमनमध्ये व्हॉन विलेब्रँड, म्हणजे रक्त लवकर न गोठणं. डालमेशियनमध्ये लघवीतल्या युरिक अ‍ॅसिडचे खडे आणि बहिरेपण. खड्यांची जनुकीय तपासणी आहे. बहिरेपणासाठी मात्र पिल्लांची श्रवणचाचणीच करावी लागते.

जर्मन शेफर्डमध्ये डीएम, म्हणजे उतारवयात मागचे पाय हळूहळू लुळे पडणारा मज्जारज्जूचा आजार. याचा रिपोर्ट वाचताना सावध राहा. या जनुकाच्या आई-बापांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या प्रत्येक कुत्र्याला डीएम होतोच असं नाही, धोका वाढतो एवढंच. पण अशा दोघांचं मेटिंग करायचं नाही, याबद्दल दुमत नसावं.

एमडीआर-1 या जनुकाबद्दल गोव्यात मुद्दाम बोलायला हवं. ही तपासणी मुख्यतः कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींची, पण काही जर्मन शेफर्डमध्येही हा दोष असतो. दोष असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत काही औषधं जास्त शिरतात आणि आयव्हरमेक्टिन त्यातलंच. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर गोचिडी वाढल्या, की गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन कुत्र्यालाही अंदाजानं टोचलं जातं. ज्या कुत्र्याची ही तपासणी झालेली नाही, त्याला असं करणं फार धोक्याचं आहे. गोचिडीवर डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलंच औषध द्या.

पग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या श्वासाच्या त्रासाला एका जनुकाची सरळ तपासणी नाही. त्यासाठी केंब्रिज विद्यापीठात बसवलेली पद्धत वापरतात: कुत्र्याला तीन मिनिटं भरभर चालवायचं आणि आधी व नंतर स्टेथोस्कोपनं श्वासाचा आवाज ऐकायचा. श्रेणी 0 ते 3. आपल्या दमट हवेत ही चाचणी सकाळी लवकर, डॉक्टर समोर असतानाच करा. तीन मिनिटांत जो घुरघुरायला लागतो, त्याची पिल्लं मे महिन्यात काय सोसतील याचा विचार करा आणि पैदास तिथंच थांबवा.

आणि मर्ल. राखाडी-निळ्या ठिपक्यांच्या पिल्लांना मागणी असते म्हणून दोन मर्ल एकत्र आणू नका. अशा जोडीत प्रत्येक पिल्लाला चारात एक शक्यता दुहेरी मर्ल असण्याची, आणि अशी पिल्लं बऱ्याचदा बहिरी किंवा आंधळी निघतात.

स्वॅब घेण्याची रीत

काम सोपं आहे, पण इथंच चुका होतात. नमुना घेण्याआधी तासभर खाणं नको, दुसऱ्या कुत्र्याशी चाटाचाटी नको. ओठ बाजूला करून ब्रशसारखा स्वॅब गाल आणि हिरडी यांच्यामध्ये 20-30 सेकंद फिरवायचा, थोडा दाब देऊन. नुसती लाळ लागून उपयोग नाही, गालाच्या पेशी यायला हव्यात. मग स्वॅब हवेत वाळवायचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत तिथं स्वॅब काय वाळणार. म्हणून पावसाळ्यात तो पंख्याखाली, भांड्यात उभा करून, पूर्ण कोरडा होईपर्यंत ठेवा आणि कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये घातला तर बुरशी येते. पावसात मी सरळ डॉक्टरांकडून जांभळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त घेऊन पाठवतो.

आईचं दूध पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असू शकतात. म्हणून त्याला आधी तास-दोन तास वेगळं ठेवायचं.

रिपोर्ट कसा वाचायचा

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पीआरसीडी-पीआरए, ईआयसी असे आजार दोन्ही प्रती सदोष असतील तरच होतात. दोन्ही चांगल्या तर क्लिअर, एक सदोष तर कॅरिअर, दोन्ही सदोष तर अफेक्टेड. कॅरिअर कुत्र्याला स्वतःला हा आजार होत नाही.

क्लिअर आणि क्लिअर: सगळी पिल्लं क्लिअर. क्लिअर आणि कॅरिअर: प्रत्येक पिल्लू निम्म्या शक्यतेनं कॅरिअर, आजारी एकही नाही. कॅरिअर आणि कॅरिअर: प्रत्येक पिल्लाला 25 टक्के शक्यता आजाराची. हे 25 टक्के प्रत्येक पिल्लापुरते वेगळे मोजायचे असतात. आठ पिल्लांत नेमकी दोनच आजारी निघतील असा याचा अर्थ नाही, एकही निघणार नाही किंवा चार निघतील. आणि आमच्या सोनीसारखी अफेक्टेड मादी असेल तर प्रत्येक पिल्लाला एक सदोष प्रत मिळतेच. समोर क्लिअर नर असता, तर सातही पिल्लं कॅरिअर, पण डोळस राहिली असती. नर कॅरिअर असेल, तर प्रत्येकाची आंधळं होण्याची शक्यता निम्मी. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या स्टडच्या कधी न झालेल्या तपासणीत होतं.

यावर नवखे लोक पहिली प्रतिक्रिया देतात ती अशी: मग कॅरिअर काढूनच टाका. असं करू नका. स्वभावानं शांत, खुब्यानं, हृदयानं उत्तम अशी मादी एका जनुकाची कॅरिअर आहे म्हणून बाद केली, तर तिच्यातलं सगळं चांगलंही गेलं. सगळ्यांनी असंच केलं तर जातीत मोजकेच कुत्रे उरतात आणि मग दुसरे, अजून तपासणीही नसलेले दोष वर येतात. कॅरिअरचं मेटिंग क्लिअरशी करा, पिल्लांची तपासणी करा आणि पुढच्या पिढीसाठी त्यातलं क्लिअर पिल्लू ठेवा. अफेक्टेडचं मेटिंग मात्र मी करणार नाही. जे पिल्लू घरात पाळण्यासाठी जातं आणि ज्याची नसबंदी होणार आहे, ते कॅरिअर असलं तरी त्याच्या आयुष्यात काही फरक पडत नाही. हे घेणाऱ्याला शांतपणे समजावून सांगा.

जे रक्तात दिसत नाही: खुबा, कोपर, गुडघा, हृदय, डोळे

खुब्याचा दोष एका जनुकाचा नाही, अनेक जनुकं आणि वाढीच्या वयातलं वातावरण मिळून होतो. म्हणून 'डीएनए टेस्ट क्लिअर आहे' असं सांगून कुणी एक्स-रे टाळत असेल तर मान डोलावू नका.

एक्स-रेसाठी कुत्र्याला गुंगी देतात. उताणा झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ, एकमेकांना समांतर ओढून धरतात आणि गुडघे थोडे आत वळवतात, म्हणजे गुडघ्याच्या वाट्या मांडीच्या हाडावर मधोमध येतात. फिल्म हातात आली की आधी कंबरेचं हाड दोन्हीकडे सारखं दिसतं का ते बघा. कुत्रा कलता झोपला असेल तर एक खुबा उगाच वाईट आणि दुसरा उगाच चांगला दिसतो, आणि मग परत काढावा लागतो. खुबा हा उखळीचा सांधा. चांगल्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत खोल बसलेला असतो, दोघांमधली फट सगळीकडे सारखी. वाईट खुब्यात उखळ उथळ, गोळा बाहेर निसटू पाहणारा आणि कडांवर जादा हाड वाढलेलं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या पद्धतीत ए (सर्वांत चांगला) ते ई (सर्वांत वाईट) अशी श्रेणी असते. अमेरिकेतली ओएफए संस्था अंतिम प्रमाणपत्र 24 महिन्यांनंतरच देते. मादी माजावर असताना किंवा नुकतीच दूध तोडलेली असताना हा एक्स-रे काढू नका. त्या काळात सांधे सैल असतात, तीन-चार आठवडे जाऊ द्या.

त्याच गुंगीत कोपरांचेही एक्स-रे काढून घ्या. एकच इंजेक्शन, एकच फेरी.

इथं थोडं घराबद्दल. आपल्याकडच्या नव्या घरांत गुळगुळीत टाइल्स किंवा ग्रॅनाइट असतं. त्यावर वाढत्या पिल्लाचे मागचे पाय सतत फाकतात. पिल्लं ज्या खोलीत असतील तिथं जुनी सतरंजी, गोणपाट काहीही अंथरा, आणि गुबगुबीत पिल्लाचं कौतुक आवरा. जादा वजन खुब्याला फार महागात पडतं.

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग यांच्यात गुडघ्याची वाटी सरकते. ती डॉक्टर हातानंच तपासतात, श्रेणी 1 ते 4, एक्स-रेची गरज बहुधा पडत नाही. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन पावलं लंगडी घालणारा पॉम गोंडस वाटतो, पण ती वाटी सरकल्याची खूण असते.

हृदय प्रत्येक जातीत स्टेथोस्कोपनं ऐकायचंच. खरखर ऐकू आली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डॉबरमनला दरवर्षी इको आणि 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र बांधून घेतलेला ईसीजी, हवा, कारण त्यांचा हृदयविकार वरून काहीच न दाखवता वाढतो. डोळ्यांची तपासणीही दरवर्षी, कारण मोतीबिंदूसारखे काही दोष आज नसतात आणि पुढच्या वर्षी असतात. या तज्ज्ञ तपासण्या जवळ होतात का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. काहींना मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावं लागतं. लांबचा प्रवास आहे, म्हणूनच तीन महिने आधी सुरुवात.

मेटिंगच्या तोंडावर: संसर्ग

ब्रुसेला केनिस हा जिवाणू मेटिंगमधून पसरतो. मादीचा गर्भ बहुधा दिवस भरत आल्यावर, 45 दिवसांनंतर, पडतो. नराचं बीज निकामी होतं. औषधानं तो पूर्ण जाईल याची खात्री नसते आणि माणसालाही होतो, विशेषतः बाळंतपणाला हात लावणाऱ्याला. मादी आणि नर, दोघांची तपासणी हवी. संसर्गानंतर पहिले काही आठवडे रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून महिन्याभरानं पुन्हा करतात आणि मधल्या काळात कुठलंही मेटिंग नाही. स्टडवाला म्हणाला, 'आमच्याकडे असलं काही नसतं', तर दुसरा स्टड शोधा.

टीव्हीटी म्हणजे मेटिंगमधून पसरणारी गाठ. भारतात मोकळ्या कुत्र्यांमध्ये ती नेहमी आढळते. अंगणात मोकळा सुटणारा नर एकदा भटक्या मादीकडे गेला की घरी घेऊन येतो. मेटिंगआधी डॉक्टरांनी दोघांचेही अवयव उघडून पाहायचे. वेळेवर कळलं तर व्हिन्क्रिस्टिननं बरी होते.

आणि गोचीडताप. गोव्यात एर्लिकिया आणि बॅबेसिया हे गोचिडीतून येणारे रक्तातले जंतू मुरलेले आहेत. वरून ठणठणीत दिसणाऱ्या मादीच्याही प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असू शकतात आणि विताना रक्तस्राव थांबत नाही. काचेवर रक्त पसरून पाहतात त्या स्मिअरमध्ये हे दर वेळी सापडत नाही, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही करा. जंतांचं औषध आणि डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस), लेप्टो, रेबीज या लसी, हे सगळं मेटिंगआधी पूर्ण हवं.

माज सुरू झाला की मेटिंगचा दिवस बोटांवर मोजू नका, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासा. बीज सुटल्याचा दिवस कळला तर त्यानंतर साधारण 63 दिवसांनी वीण होते, आणि सिझेरियन लागणाऱ्या पग-बुलडॉगच्या बाबतीत हा एक आकडा पिल्लांचा जीव वाचवतो.

गोवा लहान आहे

पेडण्याहून काणकोणला माणूस सकाळी निघून जेवायला पोहोचतो. एखादा स्टड शोमध्ये जिंकला की दोन-तीन वर्षांत म्हापशापासून मडगावपर्यंत त्याचीच पिल्लं. पुढे तीच पिल्लं एकमेकांसमोर उभी राहतात. सख्ख्या भावंडांच्या जोडीत पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता, 25 टक्के, सावत्र भावंडांच्या साडेबारा, चुलत-मावस भावंडांच्या सव्वासहा. दोन्ही बाजूंच्या चार-पाच पिढ्या कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा आणि समान नावांभोवती पेन्सिलनं गोल करा. आजोबा दोन्हीकडे तोच निघाला, तर बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडचा नर पाहा. दोघेही सगळ्या तपासण्यांत क्लिअर आले तरी हे करायचंच.

पिल्लं आल्यावर

पहिल्याच दिवशी तोंडात आतून टाळू फाटलेली नाही ना ते बोटानं तपासा. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टरांकडून हृदय, बेंबी, गुडघे आणि नरांमध्ये दोन्ही वृषणं उतरली आहेत का ते पाहून घ्या. आई किंवा बाप कॅरिअर असेल तर याच वेळी नमुने पाठवा, म्हणजे घर ठरवण्याआधी रिपोर्ट येतो.

पिल्लासोबत आई आणि बाप दोघांच्या रिपोर्टच्या प्रती द्या, चिप नंबर दिसेल अशा. कधीही सांभाळणं अशक्य झालं तर पिल्लू तुम्ही परत घ्याल, हे लिहून द्या. आणि घेणाऱ्यांची वही ठेवा. चवथीला, दिवाळीला जसे नातेवाइकांना फोन करता तसे यांनाही करा. पिल्लू पाच वर्षांचं झालं की विचारा, दिवेलागणीला पायरी उतरताना थबकतं का.